शंकोबाची वजाबाकी

कुलूप लावलं की एकदा ओढून बघावं, इथवर कोणाचंच काही म्हणणं नाही. शंकोबा तीनदा ओढायचे, जिना उतरायचे, अर्ध्यावरून परत वर जायचे, चौथ्यांदा ओढायचे, आणि मग खाली रस्त्यावर उभं राहून बायकोला विचारायचे, "खिडकी तू लावलीस की मी?" डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचे. दोघांनी एकच गोळी सांगितली तर माणसाचं समाधान व्हावं की नाही? छे! "हे दोघं एकमेकांना ओळखत असणार," असं म्हणून ते तिसऱ्याचा पत्ता शोधायला लागायचे.

शंकोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. ऑफिसातल्या कुणा टवाळाने ते ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. तोंडावर सगळे 'भाऊ' म्हणायचे, पाठीमागे शंकोबा. दोन माणसं कोपऱ्यात हसताना दिसली की ती आपल्यालाच हसतायत, हे ते धरूनच चालायचे. आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ वेळा ते बरोबर असायचे.

पण नोकरी अशी मिळाली होती की तिथे हा रोग गुण म्हणून खपून गेला. पृथ्वीबाहेर, अवकाशात एक दुर्बीण फिरते. तिने टिपलेल्या फोटोंपैकी काही शंकोबांच्या केंद्रात येतात. शंकोबांकडे सुपरनोव्हांचं खातं. सुपरनोव्हा म्हणजे फुटलेला तारा. काही आठवडे असा पेटतो की बघत राहावं, आणि वर्षभरात विझूनही जातो. त्याचा प्रकाश लोलकातून रंगांत पसरवला, म्हणजे त्याचा वर्णपट काढला, की तो कशाचा बनला होता आणि किती तेजाने फुटला ते समजतं. त्या तेजावरून तो किती दूर आहे याचा अंदाज बांधतात. मंद दिसला तर लांबचा, ठळक दिसला तर जवळचा.

यात भानगड एकच. तारा रानात एकटा फुटत नाही, एखाद्या दीर्घिकेत फुटतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची गर्दी. त्या गर्दीचा रंगीत पट्टा आणि फुटलेल्या ताऱ्याचा रंगीत पट्टा फोटोत एकमेकांवरच पडतात. खात्यात दीर्घिकेला 'घरमालक' म्हणायचे आणि सुपरनोव्हाला 'पाहुणा'. घरमालकाचा प्रकाश काढून टाकायचा आणि पाहुण्याचा तेवढा ठेवायचा, हे शंकोबांचं काम.

काढायचा कसा? तर पाहुणा विझून गेला की, साधारण वर्षाने, दुर्बीण पुन्हा तिथेच, त्याच कोनात वळवायची आणि रिकाम्या घराचा फोटो घ्यायचा. मग पहिल्यातून दुसरा वजा. ऐकायला किती सोपं! पण वर्षभरात दुर्बीण जरा तापते, जरा गारठते, कोन केसभर सरकतो, आणि दोन फोटो काही केल्या तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून वजा करण्याआधी रिकाम्या घराचा प्रकाश थोडा वाढवून किंवा थोडा उतरवून घ्यावा लागतो. किती, ते पडद्यावरची एक पट्टी डावी-उजवीकडे सरकवून ठरवायचं. प्रोग्राम एक जागा सुचवतो, पण शेवटचा हात माणसाचा. आधीची दुर्बीण जाऊन ही आली, संगणक चारदा बदलले, पण पट्टीवरचं बोट एकोणतीस वर्षं शंकोबांचंच राहिलं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हातून एक वर्णपट कच्चा गेला होता. त्यात प्रकाशाचं एक बारीक टोक राहून गेलं. संशोधकांनी ते ताऱ्याचं समजून केवढा गाजावाजा केला! ते निघालं घरमालकाच्या तापलेल्या वायूचं. भर सभेत लोक हसले. शंकोबा शेवटच्या रांगेत कान लाल करून बसले होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. शंकोबांनी त्या दिवसापासून पट्टी नेहमी थोडी उजवीकडे ठेवली, म्हणजे घरमालकाच्या नावावर प्रकाश जरा जास्तच मांडून तो कापून टाकला. जो प्रकाश कोणाचा ते कळत नाही तो घरमालकाचा, असा त्यांचा सरळ निकाल. मग ते शेऱ्याच्या रकान्यात 'स्वच्छ' असं लिहायचे. त्यानंतर एकही वर्णपट तक्रार होऊन परत आला नाही, आणि हे ते दर आठवड्याला कोणा ना कोणाला ऐकवायचे.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची, एसी गळायचा आणि त्याखाली बादली ठेवलेली असायची. दोन टेबलं. एक शंकोबांचं, दुसरं बाईंचं.

बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून इथे आल्यावरही बाईच राहिल्या. शंकोबांपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. केंद्रात येऊन तीन वर्षं झाली होती, पण नोकरी करारावरची, दरवर्षी नव्याने सही होणारी. शंकोबांनी स्वच्छ म्हटलेल्या फाइलींना क्रमांक, तारखा, दुर्बिणीचा कोन असा सगळा तपशील जोडायचा आणि फाइल बाहेरच्या संशोधकांकडे रवाना करायची, हे त्यांचं काम. बोलणं कमी, टेबल नीटनेटकं. खुर्चीवर घरून आणलेली एक उशी.

शंकोबांना बाईंबद्दल पहिल्या दिवसापासून शंका होती. दुपारी एक वाजला की बाई फोन घेऊन बाहेर जायच्या आणि पाच मिनिटं हळू आवाजात बोलायच्या. रोज. कोणाशी? शंकोबा एकदा पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने मागोमाग गेले. बाई म्हणत होत्या, "जेवलीस का? गोळी घेतलीस का? पांढरी नाही गं, गुलाबी." पलीकडे त्यांची म्हातारी आई होती, घरात एकटी. ऐकणाऱ्याला लाज वाटायला हवी. शंकोबा मात्र जागेवर येऊन विचार करत बसले, की आईशीच बोलायचं तर बाहेर कशाला जावं लागतं?

आता त्यांची डायरी. फाइल पूर्ण झाली की संगणक तिच्या शेवटी आठ अक्षरांची एक खूण छापतो. फाइलीतल्या प्रकाशाचा एक ठिपका जरी बदलला तरी ती खूण बदलते; बाईंनी वरून जोडलेल्या तपशिलाने मात्र बदलत नाही. ही खूण संगणकात आपोआप राहतेच, पण संगणकाचा काय भरवसा? शंकोबा ती हाताने डायरीत उतरवून ठेवायचे आणि डायरी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. सगळे हसायचे. एका मंगळवारी त्यांनी सहज म्हणून सहा महिन्यांपूर्वीची एक फाइल काढली आणि खूण ताडून पाहिली.

जुळेना.

चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. डायरीतली आठ अक्षरं वेगळी, फाइलीतली वेगळी. शंकोबांच्या मनात पाल चुकचुकली, आणि तीही साधीसुधी नाही. पुढचे चार दिवस त्यांनी मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या फाइली तपासल्या. त्रेचाळीसपैकी अकरा बदललेल्या! बदलण्याची वेळ नेहमी दीड ते दोनच्या मध्ये. ती शंकोबांची आवाराला फेऱ्या मारायची वेळ. तेव्हा खोलीत कोण? बाई! अकराच्या अकरा फाइलींत पाहुणा घरमालकाच्या अगदी मध्याजवळ, जिथे प्रकाश सगळ्यात दाट असतो आणि वजाबाकी सगळ्यात अवघड. "बरोबर आहे," शंकोबा स्वतःशी म्हणाले, "चोर उघड्यावर कशाला हात घालील? जिथे कोणाला काही कळणार नाही तिथेच घालणार."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पण बाई असं का करतील?" तिने विचारलं.

"का म्हणजे? अकरा महिन्यांनी मी निवृत्त होतोय. माझी खुर्ची कोणाला हवीये?"

"तुमची खुर्ची हवी असेल तर तुमच्या फाइली बिघडवून काय मिळणार?"

"फाइली बिघडल्या की तक्रारी येणार. तक्रारी आल्या की माझं नाव खराब. मग बाई पुढे येऊन म्हणणार, मी सुधारते."

"दोन वर्षांत तक्रार आली का एक तरी?"

शंकोबांनी बोटांवर आठवून पाहिलं. तक्रार आली नव्हती. मग ते म्हणाले, "हेच तर! किती सफाईने बिघडवलंय बघ." बायकोने घड्यांचा गठ्ठा उचलला आणि आत निघून गेली. मन चिंती ते वैरी न चिंती, असं काहीतरी पुटपुटली.

बाईंना सरळ विचारावं, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही असं नाही. आला आणि गेला. विचारलं तर त्या सावध होतील, पुरावा पुसून टाकतील. सोमवारी त्यांनी संचालकांच्या नावे एक पानी पत्र लिहिलं: माझ्या अंतिम फाइलींमध्ये शेजारच्या टेबलावरून परस्पर बदल होत आहेत, कोणतीही नोंद न करता, ठोस पुरावा येत्या शुक्रवारी सादर करतो. पत्रावर आवक क्रमांक पडला. दुपारपर्यंत उत्तरही आलं: शुक्रवारी अकरा वाजता चौकशी बैठक. बाईंना बैठकीची सूचना गुरुवारी संध्याकाळी मिळेल.

पत्र खरं ठरलं तर बाईंचा करार संपणार, हे शंकोबांना पक्कं माहीत होतं. दोन मिनिटं त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मग म्हणाले, करावं तसं भरावं.

मंगळवारी त्यांनी सापळा लावला. या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. ज्या दीर्घिकेत कोणीही फुटलेलं नाही, तिच्या फोटोत आपणच एक खोटा तारा रंगवायचा, ठरावीक तेजाचा, आणि तो वजाबाकीतून जसाच्या तसा बाहेर पडतो का ते बघायचं. नवी यंत्रणा आली की अशी चाचणी करतात. शंकोबांनी ती चोर पकडायला वापरली. एका दाट दीर्घिकेच्या ऐन मध्यात त्यांनी आपल्या हाताने एक पाहुणा बसवला. त्याचं तेज शंभर. हा आकडा जगात फक्त त्यांना ठाऊक होता. मग त्यांनी नेहमीसारखी पट्टी सरकवली, नेहमीच्या जागी ठेवली, 'स्वच्छ' लिहिलं, खूण डायरीत उतरवली आणि फाइल बाईंच्या रांगेत सोडून दिली, रवाना करायची तारीख पुढच्या आठवड्याची टाकून. आपल्या वजाबाकीचं उत्तर काय आलं ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चोर पकडायचा होता, पेपर तपासायचा नव्हता.

मंगळवार गेला, बुधवार गेला. बाई आल्या, उशी नीट केली, चहा प्यायल्या, कामाला लागल्या. शंकोबा पडद्यामागून त्यांच्याकडे चोरून बघत होते.

"भाऊ, मानेत काही लचकलंय का?" बाईंनी विचारलं.

"का?"

"नाही, दोन दिवस तुम्ही वाकडे बसताय. गरम पाण्याची पिशवी घ्या रात्री."

गोड बोलतेय, शंकोबांनी मनात नोंद केली. गोड बोलून गळा कापणारीच जात असते ही.

गुरुवारी दीड वाजता ते फेऱ्या मारायला म्हणून बाहेर पडले आणि अडीच फेऱ्यांत परत आले. बाई बाटली घेऊन बाहेर चालल्या होत्या. शंकोबांनी दार लोटलं, खुर्ची ओढली, खूण ताडली. बदललेली! त्यांना इतका आनंद झाला की बसल्या बसल्या त्यांनी टेबलावर थाप मारली. सापडली! दोन वर्षं ताकास तूर लागू दिली नाही, पण अखेर सापडलीच.

संचालकांना समजेल असं काहीतरी कागदावर द्यायला हवं. त्यांनी कोरा कागद घेतला आणि तीन ओळी आखल्या. पाहुण्याचं खरं तेज. माझ्या वजाबाकीतून आलेलं तेज. बाईंनी बदलल्यावरचं तेज. पहिल्या ओळीत लिहिलं, शंभर. मग आपली मूळ प्रत उघडून आकडा काढला आणि दुसऱ्या ओळीत लिहिला. अडुसष्ट. बाईंची फाइल उघडली. सत्त्याण्णव.

पेन हातातच राहिलं.

अडुसष्ट हा आकडा आपला नसणारच, असं त्यांना वाटलं. पुन्हा काढला. अडुसष्ट. मग रंगवलेल्या ताऱ्यावरच शंका घेतली. सवय कुठे जाते! दुसऱ्या एका दीर्घिकेच्या मध्यात दुसरा खोटा तारा बसवला, पट्टी आपल्या हाताच्या सवयीने ठेवली. एकाहत्तर. तिसऱ्या दीर्घिकेत सहासष्ट. चौथीत एकोणसत्तर. मग त्यांनी घसा साफ केला, जणू कोणी बघतंय, आणि पट्टी बाईंनी ठेवली होती तेवढी डावीकडे आणली. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.

बाई बिघडवत नव्हत्या. बाई दुरुस्त करत होत्या. बिघडवणारा माणूस कुलूपबंद ड्रॉवरमध्ये डायरी ठेवून, दर फाइलीच्या शेवटी 'स्वच्छ' असं लिहून मोकळा होत होता.

घरमालकाचा कण राहू नये म्हणून त्यांनी पाहुण्याचा एक तृतीयांश प्रकाश कापून टाकला होता. तोही एकदा नव्हे. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून चारशे बारा पाहुणे गेले होते आणि त्यातले शंभर तरी मध्याजवळचे. बाईंनी हात लावलेले अकरा सोडले तर ते सगळे होते त्यापेक्षा मंद होऊन बाहेर पडले, आणि मंद म्हणजे लांबचे, असं समजून जगभरच्या लोकांनी त्यांची अंतरं मोजली. शंकोबांना दरदरून घाम फुटला. गळत्या एसीखाली बसून ते घामाने निथळत होते.

संध्याकाळी सहाला घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. बायकोला तिन्ही आकडे सांगितले. तिला वर्णपटातलं काही कळत नसे, पण नवऱ्याचा चेहरा कळायचा.

"मग पत्र मागे घ्या," ती म्हणाली.

"आवक क्रमांक पडलाय. मागे घेता येत नाही."

"मग उद्या काय करणार?"

शंकोबा आता कुठे बूट काढायला लागले. घरी येताना वाटेत एक विचार त्यांच्याबरोबर चालत आला होता. तीनपैकी पहिला आकडा कोणाला ठाऊक आहे? तो कागदावरून काढून टाकला तर खाली दोन राहतात: अडुसष्ट आणि सत्त्याण्णव. माझा आणि बाईंचा. एकोणतीस वर्षांचा अनुभव आणि तीन वर्षांचा करार. संचालक कोणाचा खरा मानतील? अकरा महिने राहिलेत, नाव शाबूत राहील, निरोपाच्या भाषणात लोक 'डोळ्यांत तेल घालून' वगैरे म्हणतील.

बायकोने बहुधा तो विचार वाचला. ती समोर येऊन बसली.

"एक विचारू? इतकी वर्षं मी लावलेलं कुलूप तुम्ही परत ओढून बघता. एकदा तरी उघडं सापडलं का?"

"नाही."

"मी कधी काही बोलले?"

"नाही."

"वाईट वाटायचं मला. रोज," ती म्हणाली, आणि उठून दिवा लावायला गेली.

शुक्रवारी अकराला संचालकांच्या खोलीत तिघं होते. संचालक, बाई आणि शंकोबा. बाईंच्या हातात आदल्या दिवशी मिळालेली सूचना होती, चार घड्या घातलेली. त्यांनी शंकोबांकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर शंकोबांना बरं वाटलं असतं.

शंकोबांनी कागद टेबलावर ठेवला. तिन्ही ओळींसकट.

"साहेब, फाइल बाईंनी बदलली, हे खरं आहे. पण हा पहिला आकडा बघा. तारा मीच रंगवला होता, त्यामुळे खरं उत्तर मला माहीत आहे. बाईंचं बरोबर आलंय. माझं चुकलंय. हे एकच नाही, आणखी तीन खोटे तारे बसवून तपासलं. त्यांनी हात लावलेल्या अकरा फाइली सुधारल्या, त्याआधीच्या चुकीच्याच राहिल्या. माझी तक्रार खोटी आहे. म्हणजे मीच खोटा आहे." एवढं बोलून ते खाली बसले.

संचालकांनी तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी बाईंना विचारलं, "अकरा फाइली तुम्ही बदलल्या?"

"हो."

"नोंद केली?"

"नाही."

"परवानगी घेतली?"

"नाही."

संचालकांनी मागच्या कपाटातून नियमांची जाड वही काढली. "भाऊ, तुम्ही जे सांगितलंत त्याला धाडस लागतं. जुन्या फाइलींचं काय करायचं ते आपण बघू. पण बाईंनी बरोबर केलं हे जितकं खरं, तितकंच चोरून केलं हेही खरं. आज एकाने गुपचूप सुधारलं, उद्या दुसरा गुपचूप बिघडवील. बाहेरचे लोक आपल्या फाइली घेतात ते त्यांना कोणी हात लावत नाही या भरवशावर. नियम नऊ: अंतिम फाइलीत नोंदीशिवाय बदल करणाऱ्याची सेवा संपवावी, बदलाचा हेतू आणि परिणाम विचारात न घेता." त्यांनी वही शंकोबांकडे वळवली. "खाली नियम सुचवणाऱ्याचं नाव आहे. तुमचंच."

सतरा वर्षांपूर्वी. अक्षर न अक्षर त्यांचं. 'हेतू आणि परिणाम विचारात न घेता' हे शब्द घालायला त्यांनीच हट्ट धरला होता, पळवाट राहू नये म्हणून.

"साहेब, अहो, ते मी..." शंकोबा उठून उभे राहिले. "तो नियम बदला. मी अर्ज देतो. माझी अकरा महिन्यांची नोकरी घ्या हवी तर."

"नियम पुढच्यांसाठी बदलेल. घडून गेलेल्याला लागू होणार नाही," संचालक म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. "बाई, तुमची सेवा आजपासून संपवावी लागेल. मला वाईट वाटतंय."

बाई म्हणाल्या, "समजलं." बस्स, एवढंच.

खोलीत परत आल्यावर बाईंनी कप धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. उशी काखेत घेतली. शंकोबा दाराशी उभे होते, वाट अडवून की वाट करून देत, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

"बाई, मला एकदा सांगायचं होतंत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती कळकळ होती.

"सांगितलं होतं, भाऊ. पहिल्याच वर्षी, तीनदा. मध्याजवळ पट्टी फार उजवीकडे जातेय असं म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंत, 'बाई, तुम्हाला कोणी पाठवलंय?'" त्यांनी उशी दुसऱ्या काखेत घेतली. "मग मी विचार केला, दोन-तीन वर्षं, जेवढी राहिलीत तेवढी यांची शांतपणे जाऊ द्यावीत. यांचं नाव राहील आणि आकडेही बरोबर जातील. चुकलंच माझं."

शंकोबांना तो प्रश्न आठवला. तो विचारताना आपण किती हुशार आहोत असं वाटलं होतं, तेही आठवलं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बाईंनी त्यांच्या दंडाला हात लावल्यासारखं केलं आणि त्या जिन्याकडे गेल्या.

सोमवारी एक नवी फाइल आली. पाहुणा घरमालकाच्या ऐन मध्यात. शंकोबांनी पट्टी नेहमीच्या जागी नेली, तिथून दचकून डावीकडे आणली, मग फारच डावीकडे गेली म्हणून परत उजवीकडे. बाईंनी ठेवली असती ती जागा मागच्या अकरा घरांची होती. हे घर वेगळं, याचा कोन वेगळा. दुपारपर्यंत त्यांनी पट्टी चाळीसेक वेळा हलवली. शेवटी त्यांनी फोन उचलला.

"बाई, मी बोलतोय."

"बोला, भाऊ."

"एक आलंय. अगदी मध्यात आहे. मला काही ठरवता येत नाहीये. फोटो पाठवतो, तुम्ही नुसतं बघून सांगा, जास्त नाही, एवढंच सांगा की कुठे थांबू."

पलीकडे बाईंनी आईला 'आलेच गं' म्हटलेलं ऐकू आलं.

"नका पाठवू. मी बाहेरची झाले आता. मला दाखवलंत तर तुमच्यावर पत्र येईल."

"येऊ दे."

"माझ्यावरही येईल, भाऊ."

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारला. "नाही नाही, नाही पाठवत. पण मी करू काय? मला माझाच भरवसा वाटत नाही हो."

"तुम्हाला बरोबर वाटेल तिथे ठेवा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात मुलाला समजावल्यासारखा मऊ होता. "आणि नीट बघून ठेवा. आता तुमच्या मागून बघायला कोणी नाही."